काकूंचा ओला फडका

काकू तोंड हलवत जिना चढायला लागल्या की आमची अख्खी बिल्डिंग हातातलं काम टाकायची.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या काहीतरी चावत आल्या म्हणजे बातमी वाईट, हे आम्हाला पाठ झालं होतं. दारात उभ्या राहायच्या, एक गाल फुगलेला, हात वर करून म्हणायच्या, "थांब गं, तोंडात घास आहे." त्यांचा घास गिळून होईपर्यंत समोरच्याचा जीव अर्धा झालेला असायचा.

ऐंशीच्या दशकातली डोंबिवली ही. फोनसाठी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. काका पाणीखात्यात, कुठे पाइप फुटला की त्यांना तातडीने बोलवावं लागायचं, म्हणून तळमजल्यावर त्यांच्या घरी फोन आलेला. बिल्डिंगमध्ये तो एकच. आम्ही सगळ्यांनी तो नंबर आपापल्या गावी आणि ऑफिसात देऊन टाकला, पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून. काकूंना कोणी विचारलंसुद्धा नाही. वर तीन मजले, लिफ्ट नाही, आणि निरोप्या काकू.

आता असं बघा, खुशाली कळवायला तेव्हा पत्रं होती. फोन यायचा तो बहुतेक अडचणीचाच. चिपळूणला कोणाचे वडील गेले तर मुलाच्या आधी ते काकूंना कळायचं. फोन खाली ठेवला की त्यांचा हात आपोआप शेजारच्या डब्यावर जायचा. बेसनाचा लाडू, नाहीतर शेव, काहीच नसलं तर गुळाचा खडा. तो तोंडात टाकायच्या आणि मग जिन्याला लागायच्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची गंमत सांगते. त्यांची मुलगी नाशिकला बाळंत व्हायची होती. एका दुपारी काकू तोंड हलवत वर आल्या. मास्तरांनी त्यांना बघितलं आणि 'माझी पोर गेली' म्हणून पायरीवरच बसून रडायला लागले. काकूंना ठसका लागला. कसंबसं गिळून ओरडल्या, "अहो मास्तर, नात झाली तुम्हाला! मला भूक लागली होती म्हणून शेव खाल्ली हो!" त्यानंतर चांगली बातमी असली की काकू खालूनच हाक मारून सांगायच्या. जिना चढायचाच नाही, म्हणजे घोटाळा नको.

मी तिसऱ्या मजल्यावरची, तेव्हा नवी सून. नोकरी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. पेशंटना ओळीने आत सोडायचं काम, त्यामुळे दरडावून बोलायची सवय. ती घरीही सुटली नाही, सासूबाईंना विचारा. तर एकदा काकूंच्या चपलेचा पुढचा पट्टा कापलेला दिसला. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"काय झालं काकू?"

"काही नाही गं, उंबऱ्याची ठेच लागली."

"कधी?"

"गणपतीत."

दिवाळी उलटून गेली होती! दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ओढत आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "साखर फार वाढलीय. गोड बंद केलं नाहीत, तर आधी हा अंगठा काढावा लागेल, मग पाऊल. मला तुम्हाला घाबरवायचं नाही, पण घाबरा."

काकू मान डोलवत बाहेर आल्या. मी रिक्षा बघायला वळले, मागे पाहते तर बाई गायब. समोरच्या मिठाईच्या दुकानात उभ्या! हातात अर्धा पेढा, अर्धा तोंडात.

"काकू! लाज वाटते का काही?" मी भर रस्त्यात ओरडले.

त्यांचे डोळे भरून आले. "अगं, घाबरले ना मी," म्हणाल्या.

मी तो अर्धा पेढा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि, खोटं कशाला बोलू, रागाच्या भरात मीच खाऊन टाकला.

मग सुरू झाली त्यांची झटापट. लाडवाऐवजी बडीशेप ठेवली, तर मुठी भरभरून बडीशेप. लवंग चघळून जीभ पोळली. जपाची माळ आणली. फोन वाजला की माळ टाकून स्वयंपाकघरात. काकांनी डबा माळ्यावर ठेवला, तर त्या दुखऱ्या पायाने स्टुलावर चढल्या. काका मवाळ माणूस, नुसते "अगं, अगं" करत राहिले. जखम काही भरेना. संध्याकाळी मी घरी येताना त्यांच्या दारात थांबायचे आणि त्या काही म्हणायच्या आधीच पायावरची चिंधी सोडायचे. कडा काळपट दिसायला लागल्या होत्या. मला भीती वाटायची, फार भीती वाटायची.

"तो फोनच काढून टाका," मी एकदा चिडून म्हटलं. "लोकांच्या मरणापायी तुमचा पाय जाईल."

"आणि खडवलीला तुझ्या आईचं काही कमी-जास्त झालं, तर तुला कोण सांगेल गं?"

माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी सोडलेली चिंधी पुन्हा बांधायला घेतली.

आणि मग एक दिवस असं झालं. काकू फरशी पुसत होत्या, फोन वाजला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या भावाला अपघात झाला होता. काकूंनी फोन ठेवला, डब्याकडे हात गेला, डबा रिकामा. हातात ओला फडका होता, तो तसाच घेऊन त्या निघाल्या आणि जिन्याचा कठडा पुसायला लागल्या. ठाकुर्लीच्या कोळशाच्या वीजघराकडून वारा आला की त्या कठड्यावर काजळीचा थर बसायचा, वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. रगडून रगडून पुसत त्या वर पोचल्या. वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा तोंड रिकामं होतं.

"वहिनी, भावाला अपघात झालाय. जिवंत आहे. चला, मी येते तुमच्याबरोबर."

मला त्यांनी ते नंतर सांगितलं, चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून. "अगं, तोंडात घास असला की मला बोलावंच लागायचं नाही. तुम्ही माझ्याकडे बघूनच ओळखायचात. मी सुटायचे. आज बोलावं लागलं, आणि बोलले गं मी."

तेव्हापासून 'तोंडात घास आहे' गेलं आणि 'थांब गं, आधी कठडा' आलं. कधी मोह व्हायचा, नाही असं नाही. सणावारी डब्याशी सापडायच्याही. पण अंगठ्याचा काळेपणा हळूहळू मागे हटला.

आमचं मात्र कठीण झालं. पूर्वी निदान काकू दिसल्यावर भीती वाटायची. आता आवाज आधी यायचा. लोखंडावर ओला फडका, कुईं, कुईं. सगळ्या मजल्यांवर भांड्यांचे आवाज थांबायचे. लोक दारात येऊन उभे राहायचे. पहिला मजला ओलांडला की तिथले लोक सुस्कारा सोडून हळूच आत जायचे, आणि दुसऱ्या मजल्याचे देव आठवायला लागायचे. आम्ही सगळ्यात वर. आवाज आमच्यापर्यंत आला म्हणजे आमची दोनच दारं उरायची.

एका सुट्टीच्या दुपारी तो आवाज सुरू झाला. कल्याणला पाइप फुटला म्हणून काका सकाळीच कामावर गेले होते. बाकी सगळी बिल्डिंग घरात. पहिला मजला गेला. दुसऱ्यावर आवाज जरा रेंगाळला, मला वाटलं मास्तर. तोही मजला मागे पडला. मी दारात उभी. काकू कठड्यावरून नजर न उचलता वर येत होत्या.

"काकू, आई का?"

त्यांनी मान हलवली, नाही. समोरच्या दाराकडेही बघितलं नाही. तशाच पुसत पुढे गेल्या, गच्चीकडे. गच्चीला कुलूप होतं. कठडा संपला तिथे त्या थांबल्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पुसायला लागल्या. खालच्या मजल्यांवरची माणसं जिन्यात येऊन वर बघत होती. कोणाला काही कळेना. मी वर गेले.

"कोणाचा फोन होता काकू?"

"माझा."

मी त्यांच्या पायरीवर चढले.

"हे कामावर कोसळले. हार्टचं म्हणतायत. कल्याणला हॉस्पिटलमध्ये नेलंय, मला न्यायला ऑफिसची जीप निघालीय. ती येईपर्यंत मी काय करू गं? खाली कुणाच्या बारशाचे आलेले लाडू आहेत. झाकण उघडलं होतं मी."

"मग?"

"लावलं परत."

मी त्यांना जवळ घेतलं. त्यांचा हात तरी पुसतच होता. खाली हॉर्न वाजला तशा त्या फडका माझ्या हातात कोंबून धावत सुटल्या, अनवाणी. "काकू, चपला! पाय!" करत मी मागे. जीपमध्ये बसलेल्या बाईच्या पायात मी चपला चढवल्या, तेव्हा अंगठा दिसला. त्याच्यावर नवी, गुलाबी कातडी आली होती. मी तिथे रस्त्यात रडले.

काका वाचले. पण हृदय अशक्त झालं ते झालंच. डॉक्टरांनी बजावलं, यांना धक्का बसता कामा नये.

पुढे नव्वदीत घरोघर फोन आले. आपापली वाईट बातमी आपापल्या घरात यायला लागली आणि कठड्यावर पुन्हा थर बसला. काकूंकडे कोणी फारसं फिरकेना. मी जायचे. त्या भिंतीवर, खिडकीच्या गजांवर फडका फिरवत गप्पा मारायच्या. साखरेने शेवटी मूत्रपिंडं गाठली. त्यांची एकुलती एक मुलगी ठाण्याला दिलेली, तिथल्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं ठरलं. रिक्षात चढताना काकूंनी साडी थोडी वर धरून मला पावलं दाखवली. "बघ, दोन्ही माझीच आहेत," म्हणाल्या आणि हसल्या.

थोड्या दिवसांनी, सकाळी, माझ्या घरातला फोन वाजला. काकूंची मुलगी होती.

"वहिनी, आई गेली. बाबा घरी एकटेच आहेत. त्यांना फोनवर कसं सांगू मी? तुम्ही सांगाल?"

फोन ठेवला आणि बघते तर माझा हात बिस्किटांच्या डब्यात. बिस्कीट तोंडापाशी आलेलं. ते परत टाकलं, झाकण लावलं. मोरीत जाऊन फडका ओला केला आणि माझ्या दारापासून कठडा पुसायला घेतला, खालच्या दिशेने.

नव्या भाडेकरूंच्या घरांत टीव्ही चालू होते. कोणी बाहेर आलं नाही. दुसऱ्या मजल्यावर म्हातारे मास्तर तेवढे दारात आले, माझ्या हाताकडे बघितलं आणि भिंतीला टेकले. मी पुसत राहिले. फडका काळाकुट्ट झाला होता. पाय जड झाले होते, पण श्वास जागेवर यायला लागला होता.

तळमजल्याचं दार उघडंच होतं. काका चौकट धरून उभे होते.

"इतकी वर्षं हा आवाज आमच्या दारापासून वर जाताना ऐकला," ते म्हणाले. "खाली येताना आज पहिल्यांदा ऐकतोय."

माझं तोंड रिकामं होतं. मी काकांचा हात धरला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि सांगितलं.