मास्तरांना ‘घ्या’ म्हणू नका

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं. दिवसभर ते शिकाऊच्या शेजारी बसून हुकूम सोडायचे. “क्लच दाब. आरसा बघ. अरे, आरशात स्वतःचे केस नाही, मागचा ट्रक बघ!” बावीस वर्षांत निम्म्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. पण घरी बायकोनं “छत्री घेऊन जा” म्हटलं, की आभाळ फाटलेलं असलं तरी ते तसेच निघायचे आणि ओलेचिंब परत यायचे. वर म्हणायचे, “कुठे भिजलोय?”

अशा माणसाला रोजची गोळी लागली.

आजार मनाचा होता. वर्षा-दीड वर्षातून एकदा मास्तरांच्या अंगात वारं शिरायचं. झोप उडायची, जीभ सैल सुटायची, जगातलं सगळं सोपं वाटायला लागायचं. मग काही आठवड्यांनी हाच माणूस भिंतीकडे तोंड करून अंथरुणात पडून राहायचा. गोळी ही दोन्ही टोकं आवरत होती. पहिल्या खेपेला दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बरं वाटलं तरी थांबवायची नाही. घ्यायचीच.”

त्या ‘च’पाशी सगळं बिनसलं.

मास्तरांची बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला. घरातली सुईसुद्धा नंबर घालून ठेवणारी बाई. रोज जेवण झालं की ती बशीत गोळी ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला, आणि म्हणायची, “अहो, घ्या.” गंमत अशी, की कधी कधी मास्तरांचा हात आपणहून बशीकडे निघालेला असायचा. तेवढ्यात ‘घ्या’ कानावर पडायचं आणि हात वाटेतच चष्म्याकडे वळायचा. मग गोळी जिभेखाली, आणि बायकोची पाठ फिरली की खिडकीतल्या कुंडीत.

एक दिवस तिनं कुंडीतली माती उकरली. आत पांढऱ्या गोळ्यांचं पीकच आलेलं.

“अहो, हे काय? झाडाचा इलाज चाललाय का?”

“बघ ना,” मास्तर म्हणाले, “किती शांत असतं ते.”

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. पण दोनच आठवड्यांनी हसण्याची सोय उरली नाही.

त्या सकाळी मास्तर उजाडायच्या आत उठले आणि त्यांनी आपले सगळे विद्यार्थी पास झाल्याचं जाहीर केलं. परीक्षा झालीच नव्हती. गल्लीतल्या तिघांकडून त्यांनी ‘जरा इंजिनाचा आवाज बघतो’ म्हणून गाड्या मागून आणल्या, चौथी स्वतःची. चारही गाड्यांना लाल ‘एल’ लावून विजययात्रा निघाली. एकाला फक्त गाडी चालू करता येत होती. एकीला नुसतंच सरळ जाता यायचं. बाकीचे समोरची गाडी जाईल तिकडे जायचे.

मुख्य चौकात मोठं सर्कल होतं. चारही गाड्या त्यात शिरल्या, आणि मग एकच घोटाळा झाला. सर्कलमधून बाहेर कसं पडायचं, हा धडा अजून झालाच नव्हता.

फेऱ्या सुरू झाल्या. पाच झाल्या, दहा झाल्या. मास्तर पुढच्या गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते आणि टपावर हातानं ताल धरत ओरडत होते, “वा! काय वळण! वा!” पोलिसानं शिटी फुंकून फुंकून गाल लाल केले आणि शेवटी फुटपाथच्या कडेला बसकण मारली. दुकानदार कामं टाकून फेऱ्या मोजू लागले. सव्विसाव्या फेरीला पहिल्या गाडीचं पेट्रोल संपलं. मागच्या तिन्ही येऊन तिला टेकल्या. टप, टप, टप. खरचटलं ते फक्त गाड्यांना.

मास्तर हसत सुटले. हसता हसता त्यांना रडू फुटलं, आणि मग दोन्ही थांबेनात. बायको धावत आली तेव्हा ते म्हणाले, “अगं, मला उतरता येत नाहीये.” ते तर केव्हाच गाडीतून उतरले होते.

दवाखान्यात या खेपेला त्यांची गाठ वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांशी पडली. चष्मा दोरीला बांधलेला, तीस वर्षांची नोकरी. वारं ओसरल्यावर त्या प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसल्या.

“हे काय?”

“तुमचा स्वभाव तपासायचाय, मास्तर.”

“स्वभावाचं काय करायचंय तुम्हाला? आजार बघा.”

“आजाराचं गोळी बघते. पण ती तोंडात जाते की कुंडीत, ते स्वभाव ठरवतो.”

कुंडीची बातमी इथवर आलेली पाहून मास्तर चष्मा पुसायला लागले. सिस्टरांनी कागद बाजूला ठेवला. “मला एक सांगा. घाबरट विद्यार्थ्याला कसं शिकवता?”

“पावलोपावली सांगायचं. आता हे, आता ते.”

“आणि शहाणा असेल तर? कुणाचंच न ऐकणारा?”

मास्तरांचा चेहरा खुलला. हा त्यांचा आवडता विषय. “त्याला ‘ब्रेक मार’ कधी म्हणायचं नाही! मुद्दाम मारणार नाही तो. नुसतं विचारायचं, पुढे काय दिसतंय? मग स्वतःच मारतो गाढव!”

म्हणाले, आणि थांबले. सिस्टर छताकडे बघत होत्या.

“फार वाईट आहात तुम्ही,” मास्तर म्हणाले.

“पुढे काय दिसतंय, मास्तर?”

चादरीवर बोटानं गोल काढत ते म्हणाले, “सर्कल.”

त्यानंतर सौदा ठरला. मास्तरांनी आधी तक्रारी मांडल्या: हात थरथरतो, घसा कोरडा पडतो, डोक्यात सगळं पहिल्या गिअरमध्ये चालतं. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मात्रा थोडी उतरवली आणि वेळ मास्तरांवर सोडली. मास्तरांनी संध्याकाळची सहा चाळीस निवडली. का, ते कुणाला कळलं नाही. त्यांनाही नाही. मास्तरांची अट एकच, बायकोनं अवाक्षर काढायचं नाही. आणि डॉक्टरीणबाईंचीही एकच, त्या हो म्हणेपर्यंत गाडीला हात नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा बायकोची झाली. सहा चाळीस झाले की ती गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि मोठमोठ्यानं गुणगुणायची. चौथ्या दिवशी मास्तर चिडून बाहेर आले.

“अगं, विचारत का नाहीस, घेतली का म्हणून?”

“मी कशाला विचारू?”

“घेतलीय मी!”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. हसू लपवायला तिला खांब धरावा लागला.

मधे दोनदा चुकलीच. एकदा विसरले, एकदा मेहुणा “घेतलीत ना?” म्हणाला म्हणून. दोन्ही वेळा मास्तरांनी स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, जरा ऐटीतच. पुढचे चार महिने ते घरात खुर्च्यांच्या दोन रांगा मांडून शिकवत राहिले. स्टिअरिंग म्हणून ताट. पहिला धडा सर्कलमधून बाहेर पडण्याचा.

दवाखान्याच्या औषधांच्या रांगेत त्यांना एक कारकून भेटायचा. त्याची तऱ्हाच उलटी. सगळ्याला हो म्हणणारा. गोळ्या घेता का? हो. बरं वाटतंय का? हो. मास्तरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याच्या गोळ्या नऊ दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. तो तीनदा येऊन, खिडकीवरच्या माणसाला त्रास नको म्हणून, तसाच परत गेला होता.

“अहो, मग मागा की!”

“ते कामात आहेत.”

“ओरडा! ‘माझ्या गोळ्या संपल्यात!’ म्हणा!”

कारकुनानं घसा साफ केला. मास्तरांनी सवयीनं, शिकाऊच्या शेजारी बसल्यासारखा, उजवा पाय जमिनीवर दाबला.

“माझ्या गोळ्या संपल्यात!” कारकून असा काही ओरडला, की खिडकीवरच्या माणसाच्या हातातला शिक्का उडाला आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. खुद्द सिस्टर वॉर्डातून धावत आल्या.

गोळ्या लगेच मिळाल्या. कारकून एकेकाची माफी मागत रांगेच्या टोकापर्यंत गेला, आणि मास्तर त्याच्या मागोमाग प्रत्येकाला अभिमानानं सांगत निघाले, “माझा विद्यार्थी आहे!”