सील न फोडलेला ऑइलचा डबा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी माझ्यापुरतीच लिहिते, पण कधी कोणाच्या हाती लागली तर चुका पाहून हसू नये, एवढंच मागणं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या न बोलण्यानं आमच्या घरात काय झालं, ते लिहायचं आहे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. एकच पांढरी अँबॅसिडर त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. ऑफिसनं ती लिलावात काढली तेव्हा रिटायर होताना मिळालेल्या पैशांतून त्यांनी ती घेतली. एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली की ती गाडी सगळ्यांच्या पुढे. मागच्या सीटवर, जिथं साहेब लोक बसायचे तिथं, विहारातला मोठा फोटो ठेवायचा आणि मामाजींनी गाडी चालवायची. नजर अधू झाल्यावर गाडी हे चालवू लागले, माझे मालक. मामाजी शेजारी बसायचे, पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून. बाकीचं वर्ष ते त्या एका दिवसासाठीच काढायचे.

गेल्या वर्षी जयंतीच्या चार दिवस आधी आम्ही दोघं गाडी घेऊन मंगरूळपीरला गेलो. गॅरेजशेजारच्या दुकानातून यांनी ऑइलचा डबा घेतला आणि माझ्या पायाशी ठेवला.

"मिस्त्रीनं मांगला का दे. तू गाडीपाशीच बस, मी झेंडे अन् हार सांगून येतो."

मिस्त्री गाडीखाली शिरला. जुनं काळं ऑइल घमेल्यात गळालं. खालचा नट कसून तो बाहेर आला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कसलं तरी जमिनीचं भांडण होतं. ओरडत ओरडत तो रस्त्यापर्यंत गेला, बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा तोंडानं अजून शिव्या चालूच होत्या. फडक्यानं हात पुसले आणि बॉनेट धाडकन पाडलं.

डबा माझ्या पायाशीच होता. मी उठले. "ओ भाऊ" एवढं ओठांवर आलं होतं. पण तिथं पाच-सहा माणसं चहा पीत बसलेली. मला वाटलं, त्यानं गॅरेजच्या ड्रममधून टाकलं असेल, आपलंच लक्ष नसेल. आपण काही बोलावं आणि सगळ्यांनी हसावं. मी पदर सारखा केला आणि परत बसले.

हे आले, त्यांनी पैसे दिले. मी डबा उचलून डिकीत ठेवला. रिकामे डबे मी नेहमीच घरी नेते, पाणी भरायला होतात, म्हणून यांनी काही विचारलं नाही.

मीटरमधला ऑइलचा लाल दिवा कित्येक वर्षांपासून लागत नव्हता. नाहीतर त्यानं तरी सांगितलं असतं. आसेगावच्या अलीकडे इंजिनातून खटखट ऐकू येऊ लागली.

"अवाज कायचा येऊन राह्यला वं?" हे म्हणाले.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तेव्हा तरी बोलले असते तर गाडी उभी करता आली असती. दोन मैल पुढं गेल्यावर जळका वास आला, गाडीनं आचका दिला आणि इंजिन जाम झालं.

ट्रॅक्टरनं गाडी घरी ओढून आणली. माणसं बॉनेटभोवती जमली तेव्हा मी डिकीतून डबा काढला, पदराखाली धरला आणि आत तुरीच्या पोत्यांमागे ठेवला. कशासाठी, ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी यांनी मिस्त्रीला बोलावून आणलं.

"तुमी आनलेला डबा मी सबन ओतला, भाऊ," तो म्हणाला. "गाडीच म्हतारी हाय. मेल्या बैलाले तुतारीची आर टोचून का तो उठून उभा राहीन?"

त्याला तसंच वाटत होतं, खोटं बोलत नव्हता. यांनीही ते मानलं.

जयंतीला फोटो ट्रॅक्टरवर निघाला. मामाजी सकाळपासून पांढरे कपडे घालून बाजेवर बसले होते. मिरवणूक दारात आली तेव्हा पोरं म्हणाली, "आबाजी, चला ना. ट्रॅक्टरवर बसवतो तुमाले, नवरदेवावानी."

"तुमी जा बाप्पा. मले चढनं होत नाही."

ढोल लांब गेल्यावर ते मला म्हणाले, "इंजिन म्हतारं नोतं, बाई. माह्या हातचं होतं ते. माह्याच हातून काही पाह्याचं राह्यलं असन."

ते मला सोसवलं नाही. मी आत जाऊन डबा आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली.

"हा त फोडलाच नाही."

"मले दिसत होतं, मामाजी. त्यानं ऑइल टाकलंच नाही."

"तुले दिसत होतं." "मंग काहून नाही बोलली वं?"

मिरवणुकीहून हे परतल्यावर मामाजींनी डबा यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गॅरेजला गेलो. मामाजींनी डबा मिस्त्रीच्या टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "सांग."

माझा आवाज इतका बारीक निघाला की मिस्त्री म्हणाला, "काय?" मला परत सांगावं लागलं. "तुमाले फोन आलता. तुमी ऑइल न टाकताच बॉनेट लावलं."

त्यानं डबा फिरवून पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. "अवो बाई, त्याच टायमाले बोंबलाचं होतं ना! तोंडाले काय कुलूप होतं?"

मागं कोणीतरी हसलं. मिस्त्री बोलला ते खरंच होतं. त्यानं चूक कबूल केली. तीस हजार ठरले, जमेल तसे देईन म्हणाला.

इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला होता. हे अकोल्याला जाऊन आले, अमरावतीला जाऊन आले. तसं जुनं इंजिन कुठं मिळालं नाही. दिवाळीनंतर भंगारवाला गाडी घेऊन गेला. मामाजी घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

ते मला कधी रागावून बोलले नाहीत. चहा दे, गोळी दे, एवढंच बोलतात. पूर्वी ऑफिसातल्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, त्या आता सांगत नाहीत. हे एकदाच म्हणाले, "तुले राखन ठेवलं होतं मी." त्यानंतर मी कित्येक दिवस यांच्यासमोर जेवले नाही.

मागच्या महिन्यात मिस्त्री स्वतः घरी आला. शेवटचे दोन हजार त्यानं अंगणात यांच्या हातावर मोजून ठेवले.

"पाहून घ्या, भाऊ. आता काई बाकी हाय का?"

यांनी मामाजींकडे पाहिलं. मी दाराआड उभी होते.

"नाही," मामाजी म्हणाले. "सबन आले."