अर्धीच बसणारी पिन

त्या दिवशी मी सकाळपासून चिडलेलोच होतो. लेकीच्या पियानोच्या परीक्षेचं रेकॉर्डिंग संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं होतं. फोनवर करावं, तर मुलुंडच्या आमच्या सोसायटीला लागून जुनी इमारत पाडत होते. प्रत्येक सुरात काँक्रीट फोडणारा ब्रेकर घुसायचा. म्हणून तिच्या इलेक्ट्रॉनिक पियानोचा आवाज थेट वायरने लॅपटॉपमध्ये घ्यायचं ठरवलं.

आधी दुकानातून आणलेली यूएसबी केबल लावली. लॅपटॉपने पियानो ओळखला, पण आवाज नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गावच्या शाळेत मास्तरांनी इंग्रजीचं एकेक वाक्य घोटून घेतलं, ते उपकार मी विसरत नाही. पेन्सिल घेऊन वाचत बसलो. तिसऱ्या वेळी कळलं, या केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली, एवढंच जातं. हे विकताना दुकानदाराने सांगायला नको? आवाज हवा तर हेडफोनच्या भोकातून दुसरी वायर काढायची. स्टेशनजवळच्या त्याच दुकानातून तीही आणली. लावली तर नुसती घरघर.

मी दुकानात फोन लावला. "बाद वायर दिलीत तुम्ही मला!"

"काका, पिन पूर्ण आत गेलीय का बघा ना."

"मला पिन लावता येत नाही? ग्रॅज्युएट आहे मी!"

"ग्रॅज्युएटची पण कधी कधी अर्धीच जाते, काका."

मागे कुणीतरी हसलं. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो आणि फोन कापला.

"बाबा, ओरडू नकोस ना. मला वाजवायचंय अजून," लेक म्हणाली.

"तू गप्प बस! तुझ्यासाठीच मरतोय मी!"

ती मोबाईलचा टॉर्च लावून पियानोच्या मागे वाकली.

"भोकात काहीतरी लाल आहे, बाबा."

भुवयांच्या चिमट्याने तिने ते ओढून काढलं. कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा.

माझे वडील सुतार. दसऱ्याला रंधा, पटाशी, करवत पाटावर मांडून पूजा करायचे. माझ्याकडे हत्यार कुठलं? म्हणून यंदा मी पियानो पुजला. पट्ट्या समोर दिसाव्यात म्हणून पाटावर उभा करून भिंतीला टेकवला. मागची भोकं वर आली. मूठभर अक्षता मी मनापासून वाहिल्या. "वर टाकू नकोस, आत जातील," असं ती तेव्हाच म्हणाली होती. तेव्हाही मी तिच्यावरच खेकसलो होतो.

पिन टक्कन बसली. आवाज स्वच्छ आला. पावणेसहा वाजले होते. एकदाच वाजवण्यापुरता वेळ होता. तिने वाजवलं, पाठवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी हेडफोन लावून ऐकलं. ब्रेकर नाही, घरघर नाही. मध्ये एका जागी मात्र तिचा हात अडखळतो. रोज वाजवते तेव्हा तिथे कधी अडखळत नाही.

पहिल्या केबलसाठी दुकानदारावरचा राग अजून गेलेला नाही. पण माफी मागायला फोन मीच केला. "बसली ना पिन, काका?" एवढंच त्याने विचारलं. लेकीच्या खोलीचं दार वाजवायला मात्र मला जेवणाची वेळ उजाडली.