आसारामनं कमी लावलेलं वर्ष

आमचे दाजी आसाराम सोनईच्या शाळेत शिपाई. माणूस भला, पण अकलेचा तोरा भारी. मास्तर लोक दाखल्यावरच्या वयानं रिटायर होतात, हे त्यांनी शाळेत राहून हेरलेलं. म्हणून थोरल्या मनकर्णेला पहिलीत घालताना हेडमास्तरांना म्हणाले, "गुरुजी, एक वर्ष कमी लावा. पोरगी नोकरीला लागली तर वर्षभर जादा राहील." गुरुजींनी सगळ्या पोरांना लावत तशी एक जून तारीख लावली आणि साल पुढचं टाकलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, सगळेच तसं करायचे. दाजी तर पाव्हण्यारावळ्यांत ही हुशारी मिरवायचे.

पोरगी मात्र खरंच हुशार निघाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं बोलायचीच नाही. बहात्तर साली इंटरला तिनं असे मार्क काढले की पुण्याच्या मेडिकल कॉलेजात नंबर लागायची आशा वाटायला लागली. दाजींच्या सोबतीला मीही गेलो.

तिथं एकच जागा उरलेली, आणि मनकर्णेचे अन् नाशिककडच्या एका पोराचे मार्क अगदी सारखे. कारकून म्हणाला, "अशा वेळी वयानं मोठा असेल त्याला जागा मिळते. तो मुलगा पाच महिन्यांनी मोठा आहे."

दाजींचं तोंड पांढरंफटक पडलं. "साहेब, मोठी आमचीच हाय वो. म्याच वर्ष कमी लावलंय."

"मी दाखल्यावर काय आहे तेवढंच बघणार."

माझं डोकं फिरलं. जितीजागती पोर समोर उभी, आन् ह्यो बाबा कागदाला वय इचारतोय, असं मी तोंडावर सुनावलं. उपयोग काय? दाजी त्याच्या पाया पडायला वाकले, तेव्हा मनकर्णेनंच त्यांना दंडाला धरून उठवलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. शिरूर मागं पडल्यावर तिनं बापाला विचारलं, "दादा, मग मी जन्मले कधी?"

दाजी सांगायला लागले. जोंधळ्याची काढणी चाललेली, तुझी आय रानातनं उठून घरी आली, सुईण येईतो दिवस मावळला, तू रडलीच न्हाईस, मग सुईणीनं पाठीवर थापटलं. त्यांना सगळं बारीकसारीक पाठ होतं. सांगता सांगता आवाज चढत गेला, जसं काही अजून कुणाला पटवायचं राहिलंय. सगळी एसटी वळून बघायला लागली.

मनकर्णेनं त्यांचा हात हातात घेतला. "दादा, पुरं," ती म्हणाली. "मला पटलंय."