लिमाच्या शाफ्टमधलं छिद्र

दुपारच्या बैठकीत दुसऱ्या दिवशीच्या पेपरची पानं ठरत होती, तेव्हा सौंसरहून मामीचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन तो घेतला. "बाबू, तुहे मामा गेले," ती म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी विचारून राहिले होते… भाच्याचा फोन आला का म्हणून. मी म्हटलं, येईल." दिवाकर बारंगे, माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय एकाहत्तर. निमोनियाच्या चौथ्या दिवशी घरीच गेले. ते ज्या फोनची वाट पाहत होते, तो करण्याआधी मला दुसरीकडे एक फोन करून चौकशी करायची होती. ती चौकशी एका विमानाबद्दल होती आणि ती मी केलेली नव्हती.

मामा विमानांचे मेकॅनिक होते. सौंसरला मॅट्रिक, छिंदवाड्याला आयटीआय आणि पुढं एकतीस वर्षं दूरच्या एका शहरातल्या फ्लाइंग क्लबात नोकरी. तिथं दोन आसनांची, डोक्यावर पंख असलेली जुनी विमानं होती. शिकाऊ पोरं त्यांच्यावर हात बसवत. मामा त्यांना जहाज म्हणत. रेडिओवर ज्या अक्षरानं जहाजाला हाक मारत, तेच त्याचं नाव. आर म्हणजे रोमियो, टी म्हणजे टँगो, एल म्हणजे लिमा. सुटीत पांढुर्ण्याला आमच्या घरी आले की चहा घेताघेता आईला खुशाली सांगायचे, "टँगो खोकून राहिली थोडी. लिमा एकदम मस्त आहे." आई म्हणायची, "दिवाकर, घरच्या पोरायचे नावं तरी आठवते का रे तुले?"

ते बहुतेक पोळ्याला येत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांच्या गावांमधली दगडफेक, पाहायला गेलेलं असे आणि सावरगावच्या बाजूनं उठणारा आरडाओरडा आमच्या अंगणापर्यंत ऐकू येई. मामा जात नसत. मी कॉलेजात असताना एका वर्षी त्यांनी त्या दिवशी माझी सायकल उलटीपालटी करून पाहिली आणि हँडल नळीतून पार उपसून काढलं. "दिसते तेवढं तर सगळेच पाहतात, भाचेबुवा. जे आत राहते ते बाहेर ओढून पाहाचं." त्यांनी नळी रॉकेलच्या चिंधीनं पुसली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मग बोल्टच्या छिद्राच्या काठावरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. जहाजात हेच काम असतं, असं ते म्हणाले. वैमानिकाच्या हातात मोटारीच्या स्टिअरिंगसारखं जे चाक असतं त्याला योक म्हणतात. ते एका पोकळ नळीच्या टोकाला बसवलेलं असतं आणि ती नळी, म्हणजे योकचा शाफ्ट, समोरच्या, वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या पाटीतून आतबाहेर सरकते. ओढली की नाक वर, ढकलली की खाली, चाक फिरवलं की पंख कलतात. नळी पातळ असते. झीज होते ती पाटीच्या तोंडाशी घासून आणि भेग सुरू होते ती जिथं छिद्र आहे तिथून. योक पुढं असताना शाफ्टचा बराच भाग पाटीच्या आत असतो, म्हणून तपासताना तो आधी पूर्ण मागं ओढायचा. "अन् भेग वाटली तर पुन्हा पुस. रंगाची असंल तर जाते. धातूची नाही जात." त्या दिवशी माझ्या सायकलीत काही निघालं नाही. ते थोडे हिरमुसले, असं मला वाटलं.

त्याच काळातली गोष्ट मामांनी आम्हाला कौतुकानं सांगितली होती. पूर्वी वैमानिक हातात माइक धरून बोलत. नंतर कानावर हेडसेट आले आणि बोलण्याचं बटण योकवर बसलं. बटणाची वायर बाहेरून लोंबायची, शिकाऊ पोरांच्या गुडघ्यात अडकायची. मुख्य प्रशिक्षक वैतागले होते. मामांनी शाफ्टला एक छोटं छिद्र पाडून वायर नळीच्या आतून नेली. आधी रोमियोला, मग टँगोला, शेवटी लिमाला. काम इतकं सुबक झालं की प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. कंपनीच्या कुठल्या नकाशात असं छिद्र दाखवलेलं आहे का, हे कुणी विचारलं नाही. मामांनीही नाही.

क्लब बंद पडला, जहाजं लिलावात गेली, मामा निवृत्त होऊन सौंसरला आले. घरामागं संत्र्याची वीसेक झाडं, शनिवारी जामसांवलीचा मारुती, संध्याकाळी ओसरीवर पेपर. मग गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या एका जुन्या शिष्यानं मोबाइलवर एक इंग्रजी पत्रक पाठवलं. परदेशातल्या एका जुन्या छोट्या विमानाचा शाफ्ट धावपट्टीवरच मोडला होता आणि योक वैमानिकाच्या हातात आला होता. मोडला होता तो बटणाच्या वायरसाठी नंतर पाडलेल्या छिद्राशी. मामांना इंग्रजी येत होतं, तरी त्यांनी मला नागपूरहून बोलावून घेतलं आणि ते पत्रक मोठ्यानं मराठीत सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. नंतर म्हणाले, "बरोबर समजलो होतो मी." मामी पोहे घेऊन आली होती. ती म्हणाली, "काय झालं एवढं?" मामा म्हणाले, "तीन होल आहेत माह्या हातचे."

शोध तिथून सुरू झाला. रोमियो आठवडाभरात सापडलं. एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या फाटकापाशी ते खांबावर चढवून ठेवलेलं होतं आणि आतला योक पोरांनी कधीच काढून नेला होता. मामा हसले. त्या सगळ्या महिन्यांत ते मनापासून हसलेले मला तेवढंच आठवतं. टँगो एका उड्डाणशाळेत रोज उडत होतं. तिथल्या मेकॅनिकनं मामांचं ऐकून शाफ्ट काढला, लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरी भुकटी फवारली आणि दहा मिनिटांनी फोटो पाठवला. भेगेत शिरलेला रंग भुकटीवर उमटला होता. छिद्राच्या काठापासून निघालेली लाल रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी. शाफ्ट बदलला गेला. मेकॅनिकनं आभार मानले. मामा मात्र फोटो मोठा करून पाहत बसले. "याचा काठ मी घासला होता," ते म्हणाले. "अर्धा तास पॉलिश पेपर मारला होता. तरी गेला." मी विचारलं, "आणि लिमाचा?" लिमाचं काम वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी घाईत झालं होतं. काठ घासला की नाही, हे त्यांना आठवत नव्हतं.

पुढं मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा ते ओसरीवर डोळे मिटून बसलेले असत आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी हवेत गोल फिरत असत. काय करून राहिले, असं विचारलं तर म्हणत, "हाताले विचारून राहिलो. डोकं तर सांगत नाही." लिमाचा लिलावातला मालक वारला होता. त्यानं ते ज्याला विकलं त्याचा फोन लागत नव्हता. नोंदणीच्या कार्यालयाला मामांनी दोन पत्रं लिहिली, पोच आली. मग ते माझ्याकडे वळले. "तुह्या पेपरात छाप ना बे." मी त्यांना समजावून सांगितलं. विमान कुठं आहे माहीत नाही, भेग आहे की नाही माहीत नाही, पुष्टी नाही. न पडलेल्या विमानाची बातमी होत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर आहे. पडलं की तुम्ही याल. फोटोवाला घेऊन याल."

शेवटची भेट उन्हाळ्यात जामसांवलीला झाली. देवळाच्या रांगेत मामी पुढं, मामा मध्ये, मी मागं. शेजारच्या राज्यातल्या एका खासगी धावपट्टीवर लिमा उभं असल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या जिल्ह्यातला एक वार्ताहर माझ्या ओळखीचा होता. मागं वळून ते म्हणाले, "केला का त्याले फोन?" मी म्हणालो, "सोमवारी करतो." मामी म्हणाली, "देवासमोर तरी जहाज सोडा जी." ते सोडणार नव्हते. तो सोमवार गेला, त्यानंतरचाही गेला. कामं होती. कोणती, ते आता आठवून सांगता येत नाही.

तेरवी झाल्यावर मी वार्ताहराला फोन केला. तो दोन दिवसांत जाऊन आला. शेड रिकामी होती. चौकीदारानं सांगितलं की जहाज थंडीपर्यंत इथंच धूळ खात होतं. मग दोन माणसं आली, चाकांत हवा भरली, नवी बॅटरी लावली आणि उडवून घेऊन गेली. कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणजे मी जामसांवलीहून परतताच फोन केला असता, तरी लिमा तिथं सापडलं नसतं. हे मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, "पन त्याईले समजलं असतं ना, का ते उडून राहिलं म्हणून." समजून त्यांना बरं वाटलं असतं की आणखी वाईट, हे आम्हा दोघांनाही ठरवता आलं नाही.

जे बातमी म्हणून छापता येत नव्हतं, ते माणूस गेल्यावर पुरवणीत छापता येतं. म्हणून इथं लिहितो. दोन आसनांचं जुनं जहाज कुणाकडे असेल आणि बटणाची वायर शाफ्टच्या छिद्रातून आत जात असेल, तर योक पूर्ण मागं ओढा, चिंधीनं पुसा, भिंगातून पाहा, काठावरून नख फिरवा. शंका आली तर उडू नका. हे वाक्य त्या दोन माणसांपर्यंत पोचेल, अशी खात्री मला देता येत नाही. ती माणसं मराठी वाचतात की नाही, हेही मला माहीत नाही.

गेल्या रविवारी सौंसरला गेलो होतो. मामांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीन नावं आहेत, दोन खोडलेली. मामीनं तो काढलेला नाही. आम्ही जेवत असताना आकाशात छोट्या विमानाचा आवाज आला. पूर्वी अशा वेळी मामा ताटावरून उठून अंगणात जात, आणि पत्रक आल्यापासून तर आवाज पार विरेपर्यंत आत येत नसत. मामी हातातली पोळी ठेवून उठली. संत्र्याच्या झाडांपाशी कपाळावर हात धरून उभी राहिली. आवाज रामाकोन्याच्या दिशेनं लहान होत गेला… मग ऐकू येईना. तरी ती थोडा वेळ थांबली. आत आली, बसली. "गेलं बराबर," ती म्हणाली आणि मला भाजी वाढली.