खिडक्या वाटून घेतलेला बँड

आप्पासो माझा चुलत पुतण्या. आमचं गाव वडूजच्या पुढे. त्याच्या वडिलांची मेंढरं होती, तो मात्र ड्रायव्हर झाला. पुण्याच्या एका कंत्राटदाराकडे वीस वर्षं तो ट्रॅव्हलर गाडी चालवतो. पुण्यात आणि गोव्यात संगीताचे मोठे कार्यक्रम होतात, त्यांना इंग्लंडहून गिटार वाजवणाऱ्यांचे बँड येतात. त्यांची ने-आण बहुतेक आप्पासोच करतो. त्याला इंग्रजी येत नाही, त्यांची गाणीही कळत नाहीत. पण कुठला बँड वर चालला आहे आणि कुठला उतरणीला लागला आहे, हे तो गाडी सुटल्यावर दहा मिनिटांत सांगतो.

"आण्णा, त्येंचं बी मेंढरांगत असतंय," एकदा तो मला म्हणाला. "पयल्यांदा येत्यात तवा चौघं बी मागच्या एकाच शिटावर. एकाची तंगडी दुसऱ्याच्या मांडीवर, पाण्याची बाटली चौघांत एक. मग एखादं गाणं गाजतंय. दुसऱ्या खेपंला इमानातनं जात्यात, आपल्या गाडीत निस्ती वाद्यांची पेटारी. तिसऱ्या खेपंला परत माज्याच गाडीत. पर तवा ज्येची त्येची खिडकी वायली. ड्रमवाला बी बदललेला असतोय, त्यो भाड्याचा."

"आणि चौथ्या खेपेला?"

"चौथ्यांदा येत न्हाईत. एकानं मला फोटू दावला हुता. लोकांच्या सैपाकघरात कपाटं बसवीत हुता गडी."

गेल्या फेब्रुवारीत त्याच्यासोबत जाणारा इंग्रजी बोलणारा माणूस आजारी पडला, म्हणून तो माझ्या दारात आला. मी चौतीस वर्षं पोस्टात कारकून होतो. इंग्रजी पत्ते वाचले, अर्ज भरले, ऐकलेलंही कळतं, पण बोलायची वेळ आली की माझी जीभ आत वळते. मी नाही म्हणालो.

"बोलायचं न्हाई आण्णा. निस्तं बसायचं," तो म्हणाला. मी गेलो. का गेलो, ते अजून कळत नाही.

सकाळी सात वाजता पुण्यातून निघालो. संध्याकाळी सांगलीजवळच्या एका इंजिनीयरिंग कॉलेजात कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी पुढे गोवा. बारा वर्षांपूर्वी याच बँडला आप्पासोने नेलं होतं. तेव्हा खंबाटकीच्या घाटात गाडी थांबवून पोरं भजी खात नाचली होती म्हणे. आता चाळिशीकडे झुकलेली माणसं गाडीत चढली. नावं मला नीट उच्चारता येत नाहीत. आप्पासो गायकाला लंबू म्हणायचा आणि गिटारवाल्याला चष्मेवाला. दोघं लहानपणापासून एका शाळेतले. लंबू सगळ्यात मागे डाव्या खिडकीला बसला, चष्मेवाला पुढे ड्रायव्हरच्या पाठीशी. तिसरा, जाड तारांची गिटार वाजवणारा, झोपला. ड्रमवाला नवा होता. साताऱ्यापर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. आपल्याला कुणी काही विचारेल, या भीतीने मी रस्त्याकडे बघत होतो.

"तिसरी खेप," आप्पासो हळूच म्हणाला.

उंब्रजच्या पुढे सुलाबाईची चहाची टपरी आहे, मागे लगेच ऊस. तिथे उतरलो. चहा घेता घेता चष्मेवाल्याने सांगून टाकलं, की गोव्यानंतर तो येणार नाही. गावाकडच्या शाळेत त्याला नोकरी लागली आहे. लंबूने विचारलं, "आणि मी?"

"तुला गाता येतं."

"एकट्याला येत नाही," लंबू म्हणाला.

"काय म्हणत्यात?" आप्पासोने मला विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. भांडण वाढेल म्हणून भ्यालो. तेवढ्यात लंबूने कप ठेवला, बांधावरून चालत गेला आणि उसात शिरला. वाटलं, लघवीला गेला असेल.

सुलाबाई किटली तशीच हातात घेऊन बाहेर आली. "आवं, त्यो गोरा उसात कशाला गेला? बिबट्याची मादी हाय आत, पिल्लं घालून बसलीया. परवापास्नं तोडकरी बी उतरंनात त्या रानात."

उसाचं एक पानही हलत नव्हतं. आप्पासोने चार-पाच हाका मारल्या. लंबू बाहेर येईना.

मेंढरू पिकात शिरलं तर मागे जायचं नाही, कडेला उभं राहून बोलवायचं, असं आप्पासोचे वडील सांगायचे. मी ते कितीदा ऐकलं आहे. पण आप्पासोने गाडीतला चाकाचा पाना काढला, सुलाबाईचं तेलाचं रिकामं डबडं घेतलं.

"जाऊ नको रं," मी म्हणालो.

"गाडीत बसवलेला माणूस हाय, आण्णा. सोडून कसा जाऊ? त्या चष्मेवाल्याला सांगा, मोठ्यानं वाजीव म्हणावं. थांबायचं न्हाई. आवाजानं ती लांब ऱ्हाईल, अन् मला बी कळंल रस्ता कुठल्या अंगाला हाय ते. आत गेल्यावर दिशा ऱ्हात न्हाई."

तो डबडं वाजवत आत गेला आणि ऊस त्याच्यामागे मिटला.

आता बोलणं भाग होतं. मी चष्मेवाल्यापुढे उभा राहिलो आणि सगळे शब्द गेले. शेवटी 'लेपर्ड' एवढा एकच निघाला. मी उसाकडे बोट केलं, मग गिटारकडे. त्याने गाडीतून गिटार आणि बॅटरीवरचा लहान स्पीकर ओढून काढला आणि बांधावरच वाजवायला लागला. सुलाबाई ताट बडवत होती. ड्रमवाला दोन काठ्यांनी गाडीचा पत्रा वाजवत होता. जाड तारांवाला लंबूच्या नावाने ओरडत होता.

लंबू आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उसातून बाहेर आला. हातावर पानांनी कापल्याच्या रेघा होत्या. काय चाललं आहे याची त्याला कल्पना नव्हती. तो रागाने म्हणाला, की दुसरी ओळ चुकीची वाजते आहे, बारा वर्षं हा तिथेच चुकतो. चष्मेवाल्याने मान वर केली नाही आणि हातही थांबवला नाही. मी म्हणालो, "ड्रायव्हर. इनसाइड." आणि पुन्हा तो एक शब्द.

लंबूने मागे वळून उसाकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की डबड्याचा आवाज बंद झाला आहे.

कधी बंद झाला, ठाऊक नाही. हरणाबाईला, आप्पासोच्या बायकोला, मी काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. लंबू चष्मेवाल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि गायला लागला. माईक नव्हता. आवाज फाटत होता. गाणं संपलं की दोघं न थांबता पहिल्यापासून धरत होते. पाच वेळा झालं असेल. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग ऊस हलला. आप्पासो बाहेर आला, पण पाठमोरा. तोंड उसाकडे, पाना छातीशी, एकेक पाऊल मागे टाकत. बांधाला टाच लागली तसा तो खाली बसला.

"धा फुटांवर बसली हुती," तो म्हणाला. "डबडं हातातनं पडलं. पाठ फिरवायची न्हाई, एवढं ठावं हुतं. मागं कुटं सरकायचं, ते त्येंच्या गाण्यावर कळत हुतं."

गाडीत बसल्यावर त्याला किल्ली लावता येईना, दोनदा खाली पडली. त्या गाडीच्या स्टिअरिंगला वीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागलेला नाही. चष्मेवाल्याने हात पुढे केला आणि आप्पासोने किल्ली देऊन टाकली. जाड तारांवाल्याने मला सांगितलं, की सुरुवातीच्या वर्षांत बँडची व्हॅन चष्मेवालाच चालवायचा. त्यांच्याकडेही गाड्या डावीकडूनच जातात, तरी मी पुढच्या शिटाची दांडी घट्ट धरून बसलो. आमच्या बाजूने उलटे येणारे उसाचे ट्रॅक्टर त्याला कुठून ठाऊक असणार?

लंबू त्याच्या शेजारी बसला, फोनवर नकाशा उघडून. मागे आप्पासो माझ्या आणि जाड तारांवाल्याच्या मधे होता. सदरा घामाने भिजलेला. माझं मनगट त्याने सोडलं नव्हतं.

"काय बोलत्यात म्होरं?" त्याने डोळे मिटून विचारलं.

"हा सांगतो डावीकडं घे, तो म्हणतो मला माहीत आहे."

"भांडत्यात व्हय?"

"रस्त्यावरून."

"मंग चालंल," आप्पासो म्हणाला.

टोलनाक्याच्या अलीकडे त्याने गाडी थांबवायला लावली आणि स्वतः पुढे जाऊन बसला. संध्याकाळचा कार्यक्रम झाला. मी मंडपाच्या मागेच थांबलो, गर्दीचीही मला भीती वाटते.

गोव्यात तो बँड संपला. चष्मेवाला आता शाळेत आहे. विमानतळावर लंबूने माझ्यामार्फत आप्पासोला विचारलं, की मी एकटाच आलो तर नेशील का?

"नीन म्हणावं," आप्पासो म्हणाला. "पर ऊस तुटून गेल्यावर ये. उन्हाळ्यात."

मी ते अडखळत इंग्रजीत सांगितलं. लंबूने उन्हाळा म्हणजे कुठले महिने, ते विचारून घेतलं.