सुमतीचे एकध्रुव

सुमतीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात सकाळची प्रॅक्टिकल्स घेत होते. "बाई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. हृदयविकाराचा झटका. वय चव्वेचाळीस. त्याला आता दीड महिना झाला.

सुमती पोलादपूरच्या वरची, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीतली. महाडला आमच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, मी केमिस्ट्री. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिची पीएच.डी. चालू होती, सुट्टीत मुंबईला गाईडकडे, एरवी कॉलेजच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर. विषय तिने मला चहा पिताना समजावला होता. चुंबक तोडलं तरी तुकड्याला दोन ध्रुव राहतातच. एकाच ध्रुवाचं चुंबक आजवर कुणाला सापडलेलं नाही. पण अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्याही आतले कण एकमेकांना का सोडत नाहीत, याचं उत्तर अशा एकध्रुवांत असावं असं काही जणांना वाटत होतं. म्हणून अवकाश आणि काळ यांची एक जाळी कल्पायची आणि तिच्यात कॉम्प्युटरवर एकध्रुव मोजायचे. मोजण्याआधी एक संकेत ठरवावा लागतो. त्याला ती 'गेज पक्कं करणं' म्हणायची. त्यासाठी कॉम्प्युटर कुठूनतरी सुरुवात करून एका आकड्याची सर्वांत मोठी किंमत शोधत पायरीपायरीने वर चढतो.

प्रबंध टाइप होऊन आला आणि तिने सहज म्हणून तीच जाळी वेगळ्या ठिकाणापासून सुरुवात करून पुन्हा तपासली. एकध्रुव कमी भरले. तिसऱ्यांदा आणखी वेगळे. "घाटात धुक्यातून चढताना चढ संपला की वाटतं, हाच माथा," ती मला म्हणाली. "कॉम्प्युटरही तसाच थांबतोय. उंच माथा शेजारी असला तरी त्याला दिसत नाही." गाईड म्हणाले, सगळे असंच मोजतात, प्रबंध देऊन टाका. मुंबईतली एक जागा तिच्यासाठी जवळजवळ ठरली होती, फक्त पदवी हातात हवी होती. मीही म्हटलं, दे की. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या रविवारी मला घेऊन ती वाडीवर गेली. भाकरी थापता थापता तिच्या आईने विचारलं, "मंग गो, तो चुंबक हाय का नाय?"

"मी कुठनं चढले त्यावर ठरतंय, आये. तसं ठरता कामा नये."

"मंग परत चढ की."

त्यात अडीच वर्षं गेली. एकेक जाळी तिने वीस-वीस ठिकाणांहून सुरू केली. शेवटी एकध्रुवांचा आकडा खाली आला, कणांना एकध्रुवच बांधून ठेवतात हा आधीचा दावा पातळ झाला, आणि तिने प्रबंधात ते तसंच लिहिलं. पदवी मिळाली, मुंबईची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. वाईट वाटलं का, असं मी एकदाच विचारलं. "वाटलं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती," ती म्हणाली, आणि तासाला गेली.

गेल्या आठवड्यात तिच्या जागी नवे सर आले. मी त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं, तेव्हा मुली जर्नलमध्ये रीडिंगसाठी दोन रकाने आखत होत्या. दुसरा कशाला, सरांनी विचारलं.

"सगळं सुटं करून पहिल्यापासून लावायचं आणि परत रीडिंग घ्यायचं, सर," एक मुलगी म्हणाली.

"आणि जुळलं नाही तर?"

"दोन्ही लिहायची. मॅडम सही करतात."

करतात... तिला कुणीच दुरुस्त केलं नाही.